येर्साइनचे मोठे खोके

१

दर रविवारी अकरा वाजता मी येर्साइनच्या घरी जायचो आणि एक वाजता डोकं धरून परत यायचो. येर्साइन माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. आल्माटीच्या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, त्याचं दोन खोल्यांचं घर. त्यातल्या मोठ्या खोलीत माणसांना जेमतेम बसता येतं, कारण बाकीची जागा त्याच्या दोन स्पीकरांनी खाल्ली आहे. सोव्हिएत जमान्यातले, कमरेपेक्षा उंच, एकेक तीस किलोचा. भंगार बाजारातून दोन्ही मिळून एका मेंढीच्या किमतीत आणलेले. मी त्यांना खोके म्हणतो आणि त्याला राग येतो. आमची निम्मी भांडणं इथूनच सुरू व्हायची.

मी एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण केलं. स्वस्तातला मोठा स्पीकर महागड्या स्पीकरची बरोबरी करतो का, हे लोकांनी मला इतक्या वेळा विचारलंय की आता नुसतं ऐकलं तरी डोक्यात तिडीक जाते. उत्तर सोपं आहे. निम्मी करतो. मोठी चकती भरपूर हवा ढकलते, नगारा वाजला की छातीवर बसतो, आणि तिथे श्रीमंताचा चिमुकला स्पीकर मान खाली घालतो. पण माणूस बोलायला लागला की खोका उघडा पडतो. त्याच्या लाकडी भिंती स्वतःच गुणगुणत असतात, त्यामुळे बोलणाऱ्याला पडसं झालंय असं वाटतं. एवढीच गोष्ट. येर्साइनला ती चाळीस वर्षांत पटली नाही.

नुसत्या आवाजाचा वाद असता तर मी केव्हाच हात टेकले असते. पण त्याची बायको कुल्याश गेल्या वर्षी शरदात वारली, आणि यंदा वसंतात हा पठ्ठ्या दोनदा घरात चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, आणखी एक हिवाळा याला एकट्याला ठेवू नका. त्याची एकुलती एक मुलगी शोल्पान अस्तानात नोकरी करते. ती मेपासून विनवत होती की कोके, माझ्याकडे चला. कोके म्हणजे बाबा. आणि कोके म्हणत होते, तुझ्या घरात माझे स्पीकर मावत नाहीत. सत्तरीकडे झुकलेला माणूस दोन लाकडी खोक्यांसाठी जीव धोक्यात घालतो, यावर कुणी काय बोलायचं?

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्याने मला एक दोंब्रावादन, म्हणजे आमच्या दोन तारांच्या वाद्याचं वादन, ऐकवलं. ते चौऱ्याऐंशी साली मीच मुद्रित केलं होतं. म्हातारा वादक गावाकडून आलेला, खोलीत तो आणि काचेपलीकडे मी, तिसरं कुणी नाही. त्या मुद्रणातला प्रत्येक खडखडाट मला पाठ आहे. दोन तारांची ती धून अर्ध्यावर येते तेव्हा म्हाताऱ्याची खुर्ची करकरते, मग तो नाक ओढतो, मग शेवटची झेप. त्या रविवारी खुर्ची करकरली आणि त्यानंतर कुणीतरी श्वास घेतला. आजारी माणूस उशीवर कूस बदलताना घेतो तसा, लांब आणि अडखळत. मग म्हाताऱ्याने नाक ओढलं.

"ऐकलंस ना, आगा?" येर्साइन म्हणाला. आगा म्हणजे थोरला. त्याचे डोळे मिटलेले होते. "महागड्यात हे ऐकू येत नाही."

२

मी वैतागून घरी आलो. माझ्याच मुद्रणात मला माहीत नसलेला आवाज म्हणजे माझ्या कामावर शिंतोडा. मूळ फितीवरून केलेली प्रत माझ्याजवळ होती. हेडफोन लावून ती सहा वेळा ऐकली. खुर्ची, नाक, झेप. मध्ये काही नाही.

तर्क करायला मी कमी पडलो नाही. जुन्या फितीत एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो, हे मला माहीत आहे, पण मग तो माझ्या प्रतीतही हवा. खोक्याला पुढून एक भोक असतं, त्यातून हवा आत-बाहेर करताना फुसफुसते. पण त्यासाठी मोठा आवाज चालू असावा लागतो, आणि तिथे तर वादक थांबलेला. इमारत तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या कुरकुरत असतील म्हणावं, तर त्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थंडगार असतात. शेवटी मी स्वतःला सांगितलं की बाबा रे, तुझं वय झालं. बायको राझियाने लगेच होकार दिला. तिला या एका मुद्द्यावर कधी पुरावा लागत नाही.

पुढच्या रविवारी मी येर्साइनला सरळ विचारलं, खोक्यांना काय केलंस? तो आधी ताकाला जाऊन भांडं लपवत बसला. आतून पट्ट्या ठोकल्या, तारा बदलल्या, स्क्रू आवळले. हे सगळे हौशी लोक करतात. शेवटी म्हणाला, कापूस नवा भरला.

खोक्याचं गुणगुणणं कमी व्हावं म्हणून आत कापूस कोंबतात, यात काही नवल नाही. आमच्याकडे कापूस विकत कुणी आणत नाही. प्रत्येक घरात जुन्या गोधड्या असतात, त्यातली एक उसवायची. मी विचारलं, कुठली उसवलीस?

तो चहात दूध ओतत राहिला, कप भरून बशीत सांडेपर्यंत.

मला राझियाची कटकट आठवली. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी घरातल्या बायका कुल्याशचे कपडे आणि अंथरूण वाटायला जमल्या होत्या. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवायचं नसतं, कुणा गरजूला द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी तिची शेवटच्या आजारातली निळी गोधडी काही केल्या सापडेना. राझिया महिनाभर म्हणत होती की कुणीतरी शेजारणीने ढापली.

"तिने ती स्वतः शिवली होती," येर्साइन म्हणाला. "दुसऱ्याच्या घरात कशी टाकू?"

मी त्याला पुष्कळ बोललो. अक्कल गहाण ठेवलीस का, म्हातारपणी पोरखेळ सुचतात का, मुलगी तिकडे रडते आणि तू इथे बायकोचं अंथरूण खोक्यात कोंबून दणादण संगीत वाजवतोस. तो ऐकून घेत होता. माझं संपल्यावर त्याने इतकंच सांगितलं की ती आता रोज येते, आणि मोठ्या चकत्यांतूनच येते, कारण तिला जागा लागते.

मला त्याची कीव आली, आणि कीव आली की मला जास्तच राग येतो. जिना उतरताना मी ठरवलं, याला इथून उचलायचं.

३

शोल्पान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेल्वेने आली आणि येताना दोन चिमुकले स्पीकर घेऊन आली. उंच पायांवर उभे राहणारे, काळे, गुळगुळीत. त्यांच्या किमतीत चांगला कळप आला असता. तिने कर्ज काढलं की साठवलेले घातले ते मी विचारलं नाही. म्हणाली, आगा, त्यांना आवाजच हवा ना? हा घ्या जगातला चांगल्यातला चांगला आवाज, आणि तो माझ्या घरात कोपऱ्यात मावतो.

येर्साइनने ते बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाला की चिमणीच्या घशातून उंट ओरडत नाही.

मग दोघांनी मिळून मला न्यायाधीश केलं. नसतं झेंगट. पण अट मीच घातली, कारण दुसरं कुणी काहीतरी वेडगळ घातली असती. मध्ये पडदा. मागे दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, आवाज मापकाने तंतोतंत सारखा केलेला. एकच धून दोनदा वाजेल, एकदा मोठ्यांवर, एकदा छोट्यांवर. आधी कोण, हे मी मागे नाणं उडवून ठरवणार. येर्साइनने फक्त म्हणायचं, पहिला चांगला की दुसरा. दहा फेऱ्या. आठ वेळा त्याने खोके निवडले तर तो इथेच राहील आणि शोल्पान पुन्हा विषय काढणार नाही. आठच्या खाली आला तर त्याच दिवशी दुपारच्या गाडीने अस्ताना.

त्याने लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

४

रविवार, सकाळचे अकरा. खिडकीतून ऊन येत होतं, डोंगरांवर नवा बर्फ दिसत होता. शोल्पानची बॅग दारात भरून तयार. तिच्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून मी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. ती प्रवासासाठी पिठाचे गोळे तळायला बसली, त्यांचा चुरचुराट इथवर येत होता. पुस्तकांच्या कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून मी दोन चादरी टांगल्या आणि मागे गेलो. पुढे खुर्चीत येर्साइन.

खोक्यांच्या जाळ्या त्याने आधीच काढून ठेवल्या होत्या. ताटाएवढ्या काळ्या चकत्या माझ्या गुडघ्यांसमोर होत्या.

पहिल्या फेरीपासून एक गोष्ट मला कबूल करावी लागली. छोटे अप्रतिम होते. म्हाताऱ्याची नखं तारेवर घासतात ते मी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा असं ऐकलं. कुणाही शहाण्या माणसाने डोळे झाकून तेच निवडले असते. येर्साइन म्हणाला, "दुसरा." दुसरे खोके होते.

दुसरी फेरी. "दुसरा." खोके. तिसरी. "पहिला." खोके. त्याच्या आवाजात घाई नव्हती, शंका नव्हती. पाचव्या फेरीपर्यंत पाचच्या पाच. आणि दर वेळी, फक्त खोक्यांवर, खुर्चीनंतर तो श्वास. मागे बसून ऐकताना तो आधीपेक्षा जवळचा वाटत होता. मी स्वतःशी म्हटलं, लाकडाचा काहीतरी दोष आहे, ठरावीक सुराला दर वेळी तसंच फुसफुसतं, आणि हा बेरड त्या खुणेवरून ओळखतोय. खूण ओळखणं म्हणजे आवाज चांगला असणं नव्हे. ही लबाडी होती आणि मी ती चालू देणार नव्हतो.

सातव्या फेरीला मी खोक्यांच्या मागच्या तारा उपटल्या. चारही टोकं माझ्या डाव्या मुठीत धरली. मग धून लावली, छोट्यांवर. ती संपल्यावर पुन्हा छोट्यांवरच. आता बघू म्हटलं कशावरून सांगतोस.

पहिल्यांदा खुर्ची, नाक, झेप. स्वच्छ.

दुसऱ्यांदा खुर्ची करकरली आणि माझ्या गुडघ्यासमोरची चकती हलली.

मुठीत चारही टोकं होती, मी उघडून पाहिली. तांब्याचे केस तळहातात रुतले होते. चकती सावकाश आत गेली. कागद ताणला जाताना होतो तेवढाच आवाज. थोडा वेळ ती आतच राहिली. मग तितक्याच सावकाश बाहेर आली, आणि माझ्या पायाच्या नडगीला हवा लागली. उबदार होती. दुसऱ्या खोक्याची चकतीही तशीच, तिच्या जोडीने. वादक केव्हाच पुढे गेला होता, त्याने नाक ओढलं, झेप घेतली, त्याच्याशी या दोघींचा काही संबंध नव्हता. मी सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर असल्या चकत्या पाहिल्या. वीज नसताना त्या हलत नाहीत. एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

मग खोक्यातून, हळू आणि अगदी स्पष्ट, पडसं नसलेल्या बाईच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "तोक्तार."

माझं नाव.

धून संपली. स्वयंपाकघरात चुरचुराट चालूच होता. चादरीपलीकडून येर्साइन शांतपणे म्हणाला, "दुसरा."

५

मी पडदा बाजूला करून बाहेर आलो आणि त्याच्या समोर जमिनीवरच बसलो. त्याने विचारलं, फेऱ्या संपल्या का? मी नाही म्हटलं.

आमच्यात सून सासरच्या थोरल्या माणसांचं नाव तोंडातून काढत नाही. तुमच्याकडे बायको नवऱ्याचं घेत नसे, तसंच काहीसं, पण आमचं जास्त कडक. कुल्याश लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्यासाठी 'रेडिओ-आगा' होतो. बेचाळीस वर्षं. शेवटी इस्पितळात नातेवाइकाचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हाही तिने परिचारिकेला 'ते रेडिओवाले' एवढंच सांगितलं आणि नाव शोल्पानकडून लिहवून घेतलं. धाप लागलेली होती, शुद्ध जेमतेम होती, तरीही. ती बाई मेली तरी माझं नाव घेणार नाही, असं आम्ही चेष्टेत म्हणायचो.

"येर्साइन," मी म्हटलं, "आत्ता त्या खोक्यातून मला नावाने हाक आली."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नावाने. कळतंय का तुला? मग ती कुल्याश नाही."

त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसला. मला वाटलं, आता कोसळेल. सांगायला नको होतं असंही वाटून गेलं. पण तो म्हणाला, "मला माहीत आहे, आगा. मला पहिल्या दिवसापासून नावानेच हाक मारते."

"आणि तरी तू रोज ऐकत बसतोस?"

"तरी." त्याने नाक पुसलं. "कुल्याश मला 'शोल्पानचे बाबा' म्हणायची. नावाने मला आई गेल्यापासून, तू सोडून, कुणी बोलावलं नव्हतं. आणि तू आठवड्यातून एकदा येतोस, तोही भांडायला."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला कुशीतही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी म्हटलं, ऐक, तुझ्या सातपैकी सात आल्या आहेत, पण शोल्पानला मी सांगणार की तू सहाच ओळखल्यास, दहापैकी सहा. आयुष्यात मी ध्वनीच्या बाबतीत कधी खोटं बोललो नाही. आज बोलणार. आणि तू आज या घरातून बाहेर पडणार.

त्याने चादरीकडे पाहिलं. चादर हलत नव्हती. मग म्हणाला, "तू थोरला. तुझा शब्द मी खोटा पाडणार नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. शोल्पानने कढईखालचा जाळ बंद केला, हात पुसले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, आगा, तुमचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, आधी बुटांचे बंद बांध, गाडी तुझ्या उपकारांसाठी थांबणार नाही. खरं तर मलाच तिथे एक क्षणही थांबायचं नव्हतं.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. खाली टॅक्सी आली. छोटे स्पीकर त्यांच्या पेट्यांत परत गेले. येर्साइनने कोट घातला, औषधांची पिशवी घेतली, बाहेरच्या दाराशी बाकावर बसून बूट चढवले. शोल्पानने त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून बसला. तो येत होता. मी जिंकलो होतो, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात मला मोकळा श्वास घेता आला.

मग तो म्हणाला की मोठ्या खोलीची खिडकी उघडी राहिली, लावून येतो. मी लावतो म्हटलं, तर म्हणाला, तिची खिट्टी अवघड आहे, तुला जमायची नाही. हे खरं होतं. तो बुटांसकट आत गेला. मी बॅग उचलली. खोक्यांच्या तारा मी पुन्हा जोडल्या नव्हत्या, त्या जमिनीवर तशाच पडल्या होत्या, आणि नुकतं काय पाहिलं ते विसरून मला त्या वेळी तेवढी खबरदारी पुरेशी वाटली.

खिडकी लागल्याचा आवाज आला. खिट्टी बसली. मग काही वेळ काहीच नाही.

मग आतून येर्साइन म्हणाला, "आलो."

शोल्पानने माझ्याकडे पाहिलं. मी हाक मारली नव्हती. तिनेही मारली नव्हती.

"आलो, आलो," तो पुन्हा म्हणाला, उशीर झाल्याबद्दल ओशाळल्यासारखा. त्याच्या बुटांची पावलं ऐकू आली, चार, पाच, आणि ती दाराच्या नाही, खोक्यांच्या दिशेने जात होती. मी बॅग टाकून धावलो, शोल्पान माझ्या पुढे धावली. तो आलो म्हणाला होता, पण आमच्याकडे आला नाही.